मेपलखालची सात नाणी

“माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, थडग्यावरचा दगडसुद्धा खोटं बोलतो. माती मात्र आजवर कधी खोटं बोललेली नाही!”

बर्टन थ्रॉलने हे सत्य जाहीर केलं तेव्हा वेस्ट पॅनफील्डच्या चर्चच्या तळघरात जुन्या वस्तू शोधणाऱ्या मंडळाचे एकोणीस सभासद बसले होते, आणि बर्टनच्या उंचावलेल्या मुठीत बिअरच्या डब्याची कडी होती. ती त्याला त्याच सकाळी डॉक्टरांच्या जुन्या घरामागे वीतभर खोल सापडली होती. जमिनीत असताना तिने धातू शोधणाऱ्या यंत्रातून थेट चांदीच्या नाण्यासारखा गोड आवाज काढला होता आणि त्या आवाजावर भाळून बर्टन पाऊण तास गुडघ्यांवर बसला होता. म्हणजे माती सकाळीच त्याच्याशी धडधडीत खोटं बोलली होती. पण हे त्याच्या लक्षात आणून देण्याइतकं सभेत कोणी जागं नव्हतं.

बर्टनचं वय चौऱ्याहत्तर. सारी हयात पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. चाळीस वर्षं लोकांच्या तळघरांत उतरून त्याचं तळघरांविषयी फार वाईट मत झालं होतं, आणि लोक तळघरांच्या वरच राहत असल्यामुळे त्यांच्याविषयीही. किळस ही त्याची मुख्य भावना होती. बाकीच्या भावना त्याला नाताळात वगैरे येत. गवत कापायच्या यंत्राखाली येऊन चिंध्या झालेल्या सोड्याच्या डब्यांची त्याला किळस होती. खड्डा अर्धाच बुजवून जाणाऱ्यांची होती. जत्रेत विकत घेतलेलं नाणं भिंतीवर लावून ‘हे मला सापडलं’ म्हणणाऱ्यांची तर इतकी, की अशाच एका घरी त्याने कॉफी अर्धी सोडली होती. बर्टन कॉफी सोडत नसे.

स्वतः तो नियमाने वागे. परवानगीशिवाय कुणाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. मिळालेली प्रत्येक वस्तू, अगदी वाकडा खिळासुद्धा, आधी घरमालकाला दाखवायची. गवताची चकती कापून बाजूला ठेवायची, खाली खणायचं, आणि चकती अशी परत बसवायची की गांडुळालाही शंका येऊ नये. त्यामुळे गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. बटण इंग्लंडच्या राजाच्या शिपायाचं की गवळ्याच्या सदऱ्याचं, हा वाद बर्टनपाशी येऊन मिटे. “बर्टन म्हणाला ना? मग झालं,” असं लोक म्हणत आणि घरी जात.

एकच आवार त्याला कधी मिळालं नव्हतं, ते म्हणजे स्टॅनबरो हाउसचं.

हे घर १७३८ सालचं. पांढऱ्या फळ्यांचं, मधोमध भलंमोठं धुराडं, पुढे हिरवळ आणि हिरवळीच्या टोकाला म्हातारा मेपल. आत बघण्यासारखं म्हणाल तर एक चरखा, दोन पलंग आणि कुणीतरी कधीतरी प्यायलेला एक पेला. घर आता गावाच्या मालकीचं होतं, सांभाळायला इतिहास मंडळाकडे दिलेलं, आणि इतिहास मंडळ म्हणजे त्र्याऐंशी वर्षांच्या ओपल डेनिसन. लहानपणी बर्टनला त्यांनी रविवारच्या शाळेत बायबल शिकवलं होतं, आणि तेव्हापासून तो नुकताच खडू चोरताना सापडला असावा, तशा त्या त्याच्याकडे बघत. रोज सकाळी त्या घराच्या सगळ्या खिडक्या उघडत, दाराशी खुर्ची टाकून पाहुण्यांची वाट बघत आणि दुपारी खिडक्या लावून घरी जात. पाहुणे वर्षाकाठी चाळीस. त्यातले तीस संडासाची चौकशी करत.

बर्टनने सलग अकरा वर्षं, बर्फ वितळला की, आवारात यंत्र फिरवू देण्याविषयी ओपलबाईंना पत्र धाडलं. अकरा वर्षं तेच उत्तर आलं. ‘जमीन विश्रांती घेत आहे.’

आणि या वर्षी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, ती जमीन डस्टिन फेने खणली.

डस्टिन सव्वीस वर्षांचा. टायरच्या दुकानात कामाला होता आणि सुट्टीत कपाळावर कॅमेरा बांधून जमिनी खणायचा. चित्रफितीत तो प्रत्येक वस्तूला “अरे देवा! अरे देवा! अरे देवा!” असं तीनदा म्हणे, मग ती वस्तू बंदुकीची गोळी असो की बाटलीचं बूच. बर्टनला हे कळलं तेव्हा तो थेट ओपलबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

“मिसेस डेनिसन, जमीन विश्रांती घेत होती ना?”

“उठली,” ओपलबाई म्हणाल्या.

“पण त्या डस्टिनला? ज्याला बटणाची पुढची बाजू कळत नाही?”

“त्या मुलाने या हिवाळ्यात सोळा वेळा पायऱ्यांवरचा बर्फ काढला, बर्टन. न सांगता. तू अकरा पत्रं पाठवलीस. आणि शनिवारी काय आहे ते तुला माहीत आहे.”

माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. शनिवारी गावसभेत मतदान होतं. औषधांच्या दुकानांची एक मोठी कंपनी शेजारची जागा घेऊन बसली होती आणि तिला गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. नेमकी स्टॅनबरो हाउसएवढी. घरात इतिहास घडल्याचा काही पुरावा असता तर गोष्ट वेगळी. पण त्या घरात पावणेतीनशे वर्षांत माणसं जेवली, झोपली, भांडली आणि मेली, यापलीकडे काही घडल्याची नोंद नव्हती. पुरावा सापडला नाही तर जूनमध्ये घर पाडणार होते.

“मग?” बर्टनने विचारलं. “सापडला का पुरावा?”

ओपलबाई पहिल्यांदाच हसल्या. बर्टनला ते हसू आवडलं नाही. ते त्याने पूर्वी फक्त पोपट बोलायला लागला म्हणून आनंदलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं होतं.

“फिल्म बघ,” त्या म्हणाल्या.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बर्टनने ती फिल्म बायकोबरोबर बघितली. लोर्ना शेंगांची देठं काढत होती. इंटरनेटवर चार हजार लोकांनी ती आधीच पाहिली होती, त्यामुळे बर्टनची निम्मी किळस सुरुवातीलाच खर्च झाली.

“बघ, फावडं कसं धरलंय,” तो म्हणाला. “हे धरणं आहे? केक कापतोय की काय?”

“तरुण आहे. पाठ वाकते त्याची,” लोर्ना म्हणाली. “कुणाकुणाची वाकत नाही.”

डस्टिन मेपलखाली पोहोचला. यंत्र ओरडलं. फावडं गेलं. “अरे देवा!” झिजलेलं तांब्याचं नाणं निघालं. “अरे देवा!” आणखी एक. एका मुठीएवढ्या खड्ड्यातून सहा तांब्याची निघाली, आणि त्यांच्या तळाशी चांदीचं एक छोटं स्पॅनिश नाणं, १७७२ सालचं. आपल्या पणजोबांच्या पणजोबांच्या खिशात राजाच्या पैशांपेक्षा स्पॅनिश चांदीच जास्त खुळखुळे, हे शाळेत शिकल्यामुळे डस्टिन जागच्या जागी नाचला. मागून ओपलबाईंचा आवाज आला, “शिपायाची थैली! स्वातंत्र्ययुद्धात इथे पलटण उतरली होती!”

“पलटण म्हणे,” बर्टन गुरगुरला. “थैली दिसते का कुठे? चामडं कुठाय? दोरा कुठाय? सात नाणी हातात हात घालून झोपली होती काय?”

मग डस्टिनने चांदीचं नाणं कॅमेऱ्याजवळ धरलं. त्याच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता.

बर्टन गप्प झाला. तो गप्प झाल्याचं लोर्नाच्या ताबडतोब लक्षात आलं, कारण पन्नास वर्षांत असं फारसं घडलं नव्हतं. तिने शेंग खाली ठेवली, चष्मा नाकावर ओढला आणि पडद्याकडे वाकली.

“बर्टन,” ती म्हणाली, “ते माझं नेलपॉलिश आहे.”

*

१९९१ च्या जून महिन्यात बर्टनच्या मंडळाची ‘पेरणी’ स्टॅनबरो हाउसच्या हिरवळीवर झाली होती. पेरणी म्हणजे वर्षातून एकदा कुणाच्या तरी आवारात जुनी, झिजलेली नाणी मुद्दाम पुरून ठेवायची आणि शिटी वाजली की सभासदांनी यंत्रं घेऊन धावायचं. ज्याला जे मिळेल ते त्याचं. काही नाण्यांवर लाल ठिपका असे. ठिपक्याचं नाणं सापडलं की वर बक्षीस.

त्या वर्षीचा पेरणीप्रमुख होता बर्टन. एकशेवीस नाणी त्याने आदल्या दुपारी एकट्याने पुरायला घेतली. प्रत्येकाला वेगळा खड्डा, प्रत्येकाला गवताची चकती. एकशेतेराव्या नाण्यापर्यंत सगळं रीतसर झालं. पण जूनमध्ये आमच्याकडे काळ्या माश्या निघतात, आणि त्या माणसाच्या कानात घर करायच्या विचारानेच येतात. एक माशी बर्टनच्या नाकात गेली. त्याने उरलेली सातच्या सात नाणी मेपलखाली एका खड्ड्यात ओतली, वरून बूट मारला आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या हद्दीला दोरी लावतानाही तोच होता. दोरी कमी पडली. मेपल बाहेर राहिला. हे त्याला कळलं ते संध्याकाळी, एकशेतेराच नाणी मिळाली तेव्हा.

आता पेरणीप्रमुखाने स्वतःच्याच हद्दीबाहेर नाणी पुरली, हे मंडळात कळलं असतं तर लोक आजही हसत असते. ‘सोमवारी जाऊन गुपचूप काढून आणू,’ असा विचार करून बर्टनने इतिवृत्तात लिहून टाकलं, की एकशेवीस पुरली, एकशेवीस मिळाली. रविवारी घरमालक म्हातारे स्टॅनबरो वारले. वारसांनी फाटकाला कुलूप घातलं आणि भांडायला बसले. एकवीस वर्षं भांडले. मग घर गावाने घेऊन ओपलबाईंच्या हाती दिलं, आणि बर्टनने पहिलं पत्र टाकलं. इतिहासासाठी, असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या पत्रापर्यंत त्याचाही त्यावर विश्वास बसला होता.

राहता राहिलं बक्षीस. चांदीच्या नाण्यावरच्या लाल ठिपक्याला एक आख्खं हॅम होतं, डुकराची चांगली नऊ रतली खारवलेली मांडी. न्यायला कोणी आलं नाही म्हणून ते बर्टन घरी घेऊन आला.

“अकरा दिवस पुरलं,” लोर्ना आठवून म्हणाली. “शेवटी वाटाण्याच्या सुपात घातलं. सूप सुरेख झालं होतं.”

“मी इतिवृत्तात लिहिलं, ‘हॅम विजेत्यास देण्यात आलं.’”

“मग दिलंच की. तूच खाल्लंस.”

बर्टनला किळस आली. नेहमीची, लोकांची किळस नव्हे. ही पोटात खालून, कुठून तरी बत्तीस वर्षांपूर्वीच्या वाटाण्याच्या सुपातून वर येत होती. जत्रेतली नाणी भिंतीवर लावणारा तो माणूस त्याला आठवला. तो निदान भिंतीवर लावत होता. आपण गावाच्या जमिनीत लावली.

“मी सांगून टाकणार,” तो म्हणाला.

“सांग,” लोर्ना म्हणाली आणि शेंगांकडे वळली. “म्हणजे घर पाडतील, ओपल घरी बसेल, आणि तू खरं बोललास म्हणून औषधाच्या दुकानात तुला खोकल्याच्या गोळ्या फुकट मिळतील.”

“मग गप्प बसू?”

“ते तुझं तू बघ. पण माझ्या स्वयंपाकघरात असं तोंड करून बसू नकोस. दूध नासेल.”

*

गुरुवारी ओपलबाईंनी त्याला बोलावून घेतलं. सातही नाणी मखमलीच्या तुकड्यावर मांडली होती. शेजारी ‘पाय’ होता, मैद्याच्या पारीत रुबार्बची आंबट देठं भरून त्यांनी स्वतः भाजलेला. ओपलबाई रुबार्बमध्ये साखर घालत नसत. साखरेने माणूस बिघडतो असं त्यांचं मत होतं. बर्टनने पहिला घास घेतला आणि त्याचे दोन्ही कान मागे गेले.

“हे बघ,” ओपलबाईंनी चांदीच्या नाण्याच्या कडेवर विणकामाची सुई टेकवली. “लाल दिसतंय ना? लाख आहे ही. पत्रावर मोहोर करायची लाख. आता साधा शिपाई पत्रांवर मोहोर करतो का? नाही. अधिकारी करतो. म्हणजे इथे नुसती पलटण नव्हती, बर्टन. अधिकारी उतरला होता. रात्री मेपलखाली बसून त्याने पत्र लिहिलं. लाखेचा थेंब थैलीवर पडला.”

“अंधारात?” बर्टन म्हणाला.

“मेणबत्ती असेल.”

“मेपलखाली?”

“शांत रात्र असेल,” ओपलबाई म्हणाल्या. “पत्र बायकोला होतं, असं मला वाटतं.”

बर्टनने नाणं उचललं. ठिपका बत्तीस वर्षांत किंचित काळवंडला होता, पण तो लोर्नाचाच होता. त्या वर्षी ती चर्चच्या नाचाला जायची म्हणून तिने ती बाटली आणली होती, आणि बर्टनने काडीने ठिपके देताना अर्धी संपवली म्हणून दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. अधिकाऱ्याचं आपल्या बायकोशी नक्कीच बरं चाललं असणार.

“मिसेस डेनिसन,” तो म्हणाला, “मला एक सांगायचंय.”

“शनिवारी सांग. तुला त्यासाठीच बोलावलंय.” ओपलबाईंनी त्याच्या ताटलीत दुसरा तुकडा ठेवला. “डस्टिनवर कोण विश्वास ठेवणार? बाटलीच्या बुचाला देव आठवतो त्याला. आणि मी तर काय, मला हे घर हवंच आहे. तू उभा राहून नुसतं म्हण, ‘ही नाणी खरी आहेत.’ बर्टन थ्रॉलने आजवर एका खिळ्याविषयीसुद्धा खोटं सांगितलेलं नाही.”

असं म्हणून त्या उठल्या आणि खिडक्या लावू लागल्या. चोवीस खिडक्या. प्रत्येक खिडकीशी थांबून त्या बाहेर बघत होत्या, दुसऱ्या दिवशी ती तिथेच असेल ना याची खात्री करून घेतल्यासारख्या. बर्टनने तेवढ्या वेळात दुसरा तुकडा गिळला. तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर आलं असतं. म्हणून त्याने ते रुबार्बने भरून ठेवलं. घरी जाताना त्याला वाटेत दोनदा थांबावं लागलं. एकदा रुबार्बमुळे.

*

शनिवारी सकाळी दहाला शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. घडीच्या अडीचशे खुर्च्या, बास्केटबॉलच्या जाळीखाली सभापतींचं टेबल, दाराशी मुलांच्या सहलीसाठी विकायला ठेवलेले सफरचंदाच्या रसातले डोनट. पडद्यावर डस्टिनची फिल्म दाखवली. पडद्यावर तो नाचला तसे लोक हसले आणि टाळ्याही वाजल्या. ओपलबाई पाच मिनिटं बोलल्या. लाखेच्या थेंबापाशी आल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं.

“आता बर्टन थ्रॉल,” सभापती म्हणाले.

बर्टन उभा राहिला. त्याने अंगात नाताळचा कोट घातला होता. माती कधी खोटं बोलत नाही, या वाक्यापासून सुरुवात करायची त्याला सवय होती. ते वाक्य घशापर्यंत आलं आणि त्याला त्याचीच शिसारी आली.

“ती नाणी मी पुरली,” तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. पेरणी, माशी, बूट, कमी पडलेली दोरी. लाल ठिपका लाखेचा नसून नेलपॉलिशचा आहे. त्या ठिपक्याला हॅम होतं. ते हॅम त्याने खाल्लं. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज फुटला. अडीचशे माणसं तोंडं उघडी टाकून त्याच्याकडे बघत होती, आणि त्यातल्या काही तोंडांत डोनट होते.

“संपलं?” सभापतींनी विचारलं.

“संपलं.”

“जळफळाट आहे!” मागून कुणीतरी ओरडलं. “पोराने एका दिवसात काढलं, याला अकरा वर्षं परवानगी नाही!”

“बर्टन, अरे शोभतं का?” दुसरा म्हणाला. “हॅम काय, माशी काय! काहीतरी बरं रचायचंस!”

“मी रचत नाहीये! तेव्हा मंडळात होते त्यांना विचारा!”

“त्यातले सगळे स्मशानात आहेत, बर्टन. सभा तिकडे न्यायची का?”

बर्टन वळला. तिसऱ्या रांगेत लोर्ना बसली होती.

“लोर्ना, सांग यांना. ते नेलपॉलिश कुणाचं आहे?”

लोर्नाने आपल्या नखांकडे बघितलं. ती आता कापलेली, साधी होती. “मी कधीकाळी नखं रंगवत असे, एवढं आठवतं,” ती म्हणाली. “हॅमचं काही आठवत नाही बाई.”

तेवढ्यात ओपलबाई उठल्या. त्यांच्या हातात हिरव्या पुठ्ठ्याची एक वही होती. गावातल्या प्रत्येक मंडळाची जुनी दप्तरं इतिहास मंडळात जमा होत, हे बर्टनला माहीत होतं. ती देणाऱ्यांत तो स्वतः होता.

“पेरणी झाली होती हे खरं,” ओपलबाई शांतपणे म्हणाल्या. “बर्टनला ते आठवतंय, हे कौतुकाचं आहे. पण या वयात दोन आठवणी एकमेकींत मिसळतात. हे त्या सभेचं इतिवृत्त. ‘एकशेवीस नाणी पुरली. एकशेवीस मिळाली. हॅम विजेत्यास देण्यात आलं.’” त्यांनी वही सभेकडे फिरवली. “खाली सही आहे. बर्टन थ्रॉल.”

व्यायामशाळेत समाधानाची कुजबुज झाली.

“ते मी खोटं लिहिलं होतं!” बर्टन ओरडला.

सभापतींनी पेन्सिल वर केली. “म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंस, की आत्ता खोटं सांगतोयस? मला एकच नोंदवता येईल, बर्टन.”

“तेव्हा!”

“बर्टन थ्रॉल खोटं लिहील?” ओपलबाईंनी सभेला विचारलं. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत खडू होता. त्यांना किती कळलं होतं, केव्हापासून कळलं होतं, हे बर्टनला ना त्या दिवशी उमगलं, ना नंतर. “या गावात एका माणसाच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, तर तो हा. मी तरी त्या सहीवर ठेवते. त्याला पाणी द्या कुणीतरी. ऊन फार आहे.”

बाहेर ढग होते.

घर राखण्याच्या बाजूने एकशेऐंशी हात वर गेले, विरुद्ध एकोणचाळीस. लोर्नाचा हात एकशेऐंशींत होता, चांगला कोपरापासून ताठ. बर्टनने कुठलाच हात वर केला नाही. त्याचे दोन्ही हात खिशात होते, आणि एका हाताला तळघरातल्या सभेतली बिअरच्या डब्याची कडी लागत होती. पाठोपाठ ठराव झाला, की मेपलला कठडा घालावा आणि पाटी लावावी. पाटीचा मजकूर ओपलबाईंनी वाचून दाखवला. ‘येथे एका अज्ञात अधिकाऱ्याने आपल्या पत्नीस पत्र लिहिले.’ टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत पुन्हा नाक शिंकरलं गेलं.

*

बर्टन बाहेर येऊन आपल्या गाडीला टेकून उभा राहिला. त्याला सगळ्यांची किळस आली होती. डोनटची, टाळ्यांची, त्या शिंकरणाऱ्या नाकाची, अज्ञात अधिकाऱ्याची आणि त्याच्या बायकोची. पण हिशेब लावत गेलं की प्रत्येक वेळी शेवटी तो स्वतःपाशीच येऊन पोहोचत होता. आयुष्यात एकदाच त्याने खोटं लिहिलं, तर त्यावर गावाने अढळ विश्वास ठेवला. आणि जीव तोडून खरं सांगितलं, तर त्याला पाणी पाजलं.

समोरच्या वळणावर स्टॅनबरो हाउसचं धुराडं दिसत होतं. ते उभं राहणार होतं, याचं त्याला कुठे तरी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लगोलग किळस आली.

“मिस्टर थ्रॉल.”

डस्टिन होता. आज कपाळावर कॅमेरा नव्हता, त्यामुळे त्याचं कपाळ पहिल्यांदाच दिसत होतं. साधंसंच होतं.

“आलास चिडवायला?” बर्टन म्हणाला. “चिडव. रांग लाव हवी तर.”

“नाही,” डस्टिनने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “माझा तुमच्यावर विश्वास आहे.”

बर्टनने मान वर केली.

“सगळी एका मुठीच्या खड्ड्यात होती,” डस्टिन म्हणाला. “चामडं नाही, दोरा नाही. आणि वरची माती बुटाने दाबल्यासारखी घट्ट. मला खणतानाच वाटलं, की हे कुणीतरी घाईत टाकलंय.”

“मग आत का नाही बोललास?”

“तुम्ही बोललात तर त्यांनी ऐकलं नाही. माझं कोण ऐकतंय? आणि…” त्याने धुराड्याकडे पाहिलं. “बर्फ काढून काढून त्या पायऱ्यांची सवय झालीय मला.”

इतकी वर्षं ज्याच्या फावड्याची, ओरडण्याची, कपाळपट्टीची बर्टनला शिसारी येत होती, त्या पोराला माती वाचता येत होती. अडीचशे माणसांत एकाने त्याचं खरं ऐकून घेतलं होतं. त्याने हात पुढे केला. डस्टिनने तो दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही.

“मिस्टर थ्रॉल, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार, बाबा.”

“ते लाल ठिपक्याचं नाणं मलाच सापडलं ना? मग त्याचं हॅम मला मिळेल का? बिनहाडाचं असलं तरी चालेल.”